शिशाची पेटी आणि आमचा लोटन

आमचा लोटन मुलखाचा भित्रा. धाकटा भाऊ माझा, पण खरं ते खरं. ट्रक मात्र असा हाकायचा, की धडगावच्या घाटात म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या.

सहासष्ट साली घाटातल्या लोखंडी पुलाचे सांधे तपासायला मुंबईहून शिशाची जड पेटी आली. आत किरणं सोडणारा धातू. दिसत नाहीत, वास नाही, पण अंगात शिरली तर माणूस आतून नासतो. पोटातल्या बाळाला तर जास्तच धोका. म्हणून परवान्यात बजावलेलं: मंजूर पेटीतूनच न्यायचं, ट्रकमध्ये दुसरं कुणी बसवायचं नाही, आणि सील तुटलं तर आहे तिथेच थांबायचं. पुलाच्या कामावरच्या साहेबांनी हे लोटनला समजावलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

आमच्याकडे नवं यंत्र आलं की त्याच्यावरच नारळ फोडतात. घाटाच्या पायथ्याशी, माझ्या दारात ट्रक उभा करून या शहाण्याने पेटीच्या कडेवर नारळ आपटला. ज्याची भीती त्यालाच आधी हात जोडायचे! त्याची बायको धनुबाई, सातव्या महिन्यातली, माझ्याकडेच होती. तिला त्याने आपल्या हाताने खोबरं भरवलं. मग पेटीकडे बघतो तर काय, सील तुटून लोंबतंय.

"बहीन वं, धनूनी खोबरं खाई टाकं! आते काय व्हई?"

असा किंचाळला, की मी लगेच पुलावर साहेबांना निरोप धाडला. ते येईपर्यंत धनू रडत होती, आणि हा लांब बाभळीखाली स्वतःचे हात बघत बसलेला.

साहेबांनी किरणं मोजायचं यंत्र पेटीवरून, उरलेल्या खोबऱ्यावरून, दोघांच्या अंगावरून फिरवलं. "पेटी बंदच आहे, कुलूप शाबूत आहे. कुणाला काही झालेलं नाही," म्हणाले. मग लोटनला असं झापलं, की बस्स.

माझा जीव भांड्यात पडला. लोटनचा नाही. "यंत्रले काय समजस?" म्हणे.

दोन महिन्यांनी धनूला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. मी तो पुढे केला, तर हा मागे सरत भिंतीला टेकला. "मन्हा हात नको लागू देऊ त्याले!" मी शिव्या घातल्या, धनूने शपथा घातल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पोरगं चालायला लागलं. बाप दिसला की हात वर करून धावायचं. आणि हा मेला, डोळे पुसत उठायचा आणि ट्रक काढून घाटाकडे निघून जायचा.