बाबांचं शून्य

दुपारी भाकरी थापत होते तेव्हा लेकीचा मेसेज आला. "आई, पोटात असह्य दुखतंय. अपेंडिक्स म्हणतायत, आजच ऑपरेशन. माझा फोन बंद पडतोय, हा हॉस्पिटलचा नंबर." जर्मनीत शिकते ती, एकटी. मी लगेच उत्तर लिहिलं, पण एकच टिक. मेली ती टिक, दुसरी काही उमटेना.

आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये फोन लावायचा मान यांचा. नागपूरहून बदली होऊन दिल्लीला आलो तेव्हापासून यांचा मंत्र एकच: दिल्लीबाहेर फोन करायचा तर आधी शून्य. लेकीकडूनही लहानपणी पाढ्यांसारखं हेच घोकून घेतलेलं.

यांनी चष्मा लावला आणि नंबर दाबला. शून्य शून्य, जर्मनीचा चार नऊ, मग मेसेजमधला नंबर, त्याच्या सुरुवातीच्या शून्यासकट. "कृपया नंबर जाँच लें." पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"अहो, काहीतरी चुकतंय."

"बिल्कुल नाही. शून्य लावलंय ना!"

माझं डोकंच सणकलं. तिकडे पोरीच्या जिवावर बेतलंय आणि हे शून्याची आरती ओवाळतायत! "चार नऊ दाबलं म्हणजे जर्मनीत पोचलो ना आपण? मग त्यापुढे हे शून्य कशाला? काढा ते!" ऐकेनात. शेवटी फोन हिसकावून घेतला आणि शून्य गाळून मीच लावला.

वाजला! पलीकडे एक बाई जर्मनमध्ये बोलली. मी मुलीचं नाव सांगितलं, मग इंडिया, मदर, प्लीज, सुचेल ते बोलत सुटले. बराच वेळ नुसती खरखर. आणि मग लेक.

"आई!" एरवी जय भीम म्हटल्याशिवाय ही बोलायला सुरुवात करत नाही. आज नुसतं रडत होती. "आता नेतायत मला. नर्सच्या फोनवरून केव्हाची लावतेय गं, लागतच नाही. वाटलं, तुमच्याशी न बोलताच जावं लागणार."

"कसा लावलास?"

"बाबांनी शिकवलं तसा. इंडियाचा नाइन वन, मग शून्य, मग नंबर."

फोन स्पीकरवर होता. यांचा चेहरा खर्रकन उतरला. "बेटा, बाहेर आलीस की लाव," म्हणाले. "शून्य नको लावूस." तेवढ्यात तिकडे फोन ठेवला गेला.

भाकरी तव्यावरच करपली. मी भांडलेही नाही, काय भांडणार! दोघं फोनसमोर बसून राहिलो. जीव टांगणीला लागलेला. आणि शुद्धीवर आली तरी शून्य गाळायचं तिला आठवेल का, हा वेगळाच घोर.

दिवेलागणीला घंटी वाजली. लांबलचक, अनोळखी नंबर. यांनी फोन माझ्याकडे सरकवला, मीच उचलला.

"जय भीम, आई," लेक पुटपुटली. "बाबांना सांग, शून्य नाही लावलं."