नागाच्या विषाची चौथी पिन

महाड स्टँडवर पोलादपूरची एसटी लागली तेव्हा माझ्या एका हातात नागाचं विष होतं आणि दुसऱ्या हातात घसरणारा पदर. पदर एकदाचा पक्का केला आणि खिडकी धरली.

विष मण्यांचं होतं. माझी नात केतकी पोलादपूरच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागली आहे. आज मुख्याध्यापक तिचा तास बघायला बसणार, आणि बाईसाहेब हा मण्यांचा नमुना घरीच विसरल्या! नागाच्या विषातलं हे प्रथिन म्हणजे साठ-बासष्ट मण्यांची एकच माळ. तिची बोटांसारखी तीन वेटोळी, बुडाशी त्यांना धरून ठेवणारे गंधकाचे चार पूल. पुलांच्या जागी लाल दोरा गुंडाळलेल्या सेफ्टी पिना. माळ मीच ओवली, म्हणून पाठ.

शेजारी डोंगरातल्या वाडीवरची एक बाई हारा (बांबूची मोठी टोपली) घेऊन बसली.

“पिशवीत काय हाय गो आजी?”

“नागाचं विष.”

मागचीपुढची बाकं रिकामी झाली. कंडक्टर लांबूनच म्हणाला, “झाकण घट्ट हाय ना?”

बाई हलली नाही. तिच्या जागी विशीतली मी असते तर टपावर सापडले असते. तेव्हा मला धामण चावली होती. धामणीला विष नसतं, हे मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक. मी पापण्या मिटून आडवी झाले, साड्या जावेला देऊन टाकल्या. संध्याकाळी सडकून भूक लागली. साड्या अजून जावेकडेच आहेत.

बाईला दाखवायला विष बाहेर काढलं, तर मधलं बोट लुळं! पिना तीनच. आता पोरीची फजिती होणार. पळालेली माणसंसुद्धा बाकांखाली वाकली. शेंगांची टरफलं निघाली, कुणाची तरी चप्पल निघाली, पिन नाही.

बाईनं बांगडीत अडकवलेल्या पिनांतली एक काढून दिली. “घे. पन परत दे हां.”

वसुलीसाठी ती वर्गापर्यंत आली. केतकी शिकवत होती: ही बोटं स्नायूवरच्या कुलपात घुसतात, नसेचा निरोप आत जात नाही, पापण्या उतरतात, श्वास थांबतो. म्हणून मांत्रिक नको, थेट दवाखाना. तेवढ्यात बाईनं पुढे होऊन आपली पिन ओढली. बोट कोसळलं.

“बघा, पूल तुटला की विष निकामी!” केतकीनं सावरून घेतलं.

“म्हंजी नागाचा पन आमच्यावानीच,” बाई म्हणाली, “समदा पिनंवर चाललाय.”

मुख्याध्यापकच आधी हसले.

घरी येऊन पदर सोडला, तर खांद्यावर लाल दोऱ्याची पिन. विशीत बिनविषारी धामणीनं मरायला टेकले होते. आज महाड स्टँडवर, मंत्राबिंत्राशिवाय, नागाचं विष मीच उतरवलं होतं. केतकीला अजून सांगितलेलं नाही.