टाकीवरची चुन्याची रेघ

माझा बापूमामा रोज सकाळी देवांच्या आधी गॅसच्या टाकीला आंघोळ घालायचा. मिठबावच्या त्याच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली टाकी होती. लुंगी सावरून तो तिच्यापुढे उकिडवा बसे, ओल्या फडक्याने ती वरपासून खालपर्यंत पुसे आणि फडकं खांद्यावर टाकून नुसता बघत राही. थोड्या वेळाने टाकीचा वरचा भाग सुकायचा, खालचा ओलाच राहायचा. जिथवर ओल, तिथवर गॅस. पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन मामा तिथे आडवी रेघ ओढायचा आणि मगच चहाचं आधण चढायचं.

"ह्यांचो देव्हारो ओट्याखाली आसा," मामी म्हणायची. मामाला त्याचं काही वाटत नसे. "संपूच्या आधी रेघ खाली येता," तो मला सांगायचा. "बघणाऱ्याक ती दिसता. जो बघणा नाय, तेचो गॅस अचानक संपता." आपल्या आयुष्यात अचानक काही होऊ नये, एवढीच त्या माणसाची मागणी होती. त्यासाठी तो टाकी पुसायचा, विहिरीत दोर सोडून पाणी मापायचा आणि छत्रीच्या काड्या उन्हाळ्यातच तपासून ठेवायचा.

उमेदीची सगळी वर्षं त्याने मालवाहू बोटींवर काढली. महिनोन् महिने बाहेर. मामी इकडे एकटी. मूलबाळ नाही. बोट मुंबईला लागणार असं कळलं की ती घरापुढचं खळं सारवून काढी, आणि मामी खळं सारवते आहे म्हणजे बापू येणार हे साऱ्या वाडीला समजे. मामा ट्रंक घेऊन आला की आम्ही भाचरं त्याच्याभोवती बसायचो आणि निराश होऊन उठायचो. कुठल्याही देशाचं नाव काढा, मामा त्याच्या धक्क्याचं वर्णन करी. कासाब्लांकाला त्याची बोट कितीदा तरी खताची पांढरी दगडी पूड भरायला गेली होती. "कसा आहे रे मोरोक्को?" मी विचारलं, तर म्हणाला, "धक्को बरो आसा. धूळ मात्र खूब." मग म्हणाला, "धक्क्याच्या पाठी देश आसतलो. तो काय माका बघूक गावलो नाय. निवृत्त झालंय काय तुझ्या मामयेक घेऊन जातलंय. दोघा मिळान बघतलाव."

निवृत्त झाल्यावर घराचं छप्पर, कलमांची बाग, मामीचे गुडघे असं एकेक निघत गेलं. आणि मग मामी विसरायला लागली. आधी आमटीत मीठ दोनदा पडलं. मग देवगडच्या बाजारातून घरी येणारी एस्टी कुठली, ते आठवेना. डॉक्टरांनी मामाला काय सांगितलं ते मी फोनवर ऐकलं. उपाय नाही एवढंच सांगायला त्यांनी बरेच शब्द वापरले होते. मी दक्षिण स्पेनमध्ये नोकरीला.

"बाय, माका एकच सांग," मामा म्हणाला. "ती माका अजून किती दिस वळाखतली?"

त्याला उत्तर नकोच होतं. "टाकी आसती तर पुसान बघलं असतंय," तो म्हणाला. "तर मगे आताच जावया. मी कोण तां तिका म्हायत आसा तवसर तिका तो देश दाखवचो आसा."

मला हे शुद्ध खूळ वाटलं, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. घरातल्या घरात न्हाणीघराची वाट चुकणारी बाई मोरोक्कोत काय बघणार? मामाने ऐकून घेतलं आणि पासपोर्टची चौकशी सुरू केली. रोज नवी खोली, नवा बिछाना दिसला की मामी घाबरायची, परक्या हातचं खायची नाही, म्हणून हॉटेलं बाद झाली. शेवटी मीच मोटरहोम सुचवलं. खिडकीबाहेर रोज नवा गाव आला तरी आत बिछाना तोच, भांडी तीच, चूल तीच. मामाला ते एकदम पटलं. "म्हणजे बोटच," तो म्हणाला.

दोघं माझ्याकडे स्पेनला आली. गाडी भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा त्याने इंजिन बघितलं नाही, संडास बघितला नाही. "टाकी खंय?" एवढंच विचारलं. मालकाने बाहेरच्या बाजूचा एक कप्पा उघडला. आत केशरी स्पॅनिश टाकी होती. मामाने पिशवीतून ओलं फडकं काढलं. मालक माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने बजावून सांगितलं की ही टाकी मोरोक्कोत कोणी बदलून देणार नाही. तिकडच्या टाक्या वेगळ्या, तोंडं वेगळी. आहे तो गॅस जपून वापरा. मामाने मान हलवली आणि चुन्याची पहिली रेघ ओढली.

समुद्र ओलांडून आम्ही मोरोक्कोत टँजियरला उतरलो, तिथून फेज शहराला गेलो. चालवायचे मी. मामा शेजारी बसून मामीला मागे हाका मारून दाखवायचा, "गो, ती बघ मेंढरां! तो बघ गाढवावरचो म्हातारो, अगदी तुझ्या बापाशीसारखो!" मामी हसायची, बघायची आणि लगेच विसरायची. तिचा दिवस सकाळच्या पेजेवर उभा होता. उकड्या तांदळाची ऊन पेज, मिठातली कैरी, भाजलेल्या सुकटाचा तुकडा. हे पोटात गेलं की ती शांत. सुकटाच्या वासाने गाड्या लावायच्या एका तळावरची शेजारची जर्मन मंडळी गाडी उचलून पार दुसऱ्या टोकाला गेली. "बरां झाला," मामा म्हणाला, "तेंच्या कॉफयेचो वास मामयेक सोसणा नव्हतो."

पण उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, आणि रेघ मामाच्या हिशेबापेक्षा भराभर खाली यायला लागली. त्याने नळीला साबणाचा फेस लावून बघितला. गळती नव्हती. तो रोज पुसायचा, रोज रेघ ओढायचा आणि रोज चेहरा पाडून उठायचा.

एका संध्याकाळी मी पाणी भरून आत आले, तर मामीने बारका बर्नर पेटवून ठेवला होता. वर भांडं नव्हतं. ज्योत अगदी मंद. मामी समोर हात जोडून उभी आणि ओठांत शुभंकरोति. मग ती वळून खिडकीशी जाऊन बसली, आणि बर्नर तसाच. गाडीत आग नको म्हणून मामाने निरांजन आणि वाती पहिल्याच दिवशी बासनात गुंडाळून ठेवल्या होत्या. तिन्हीसांजेला दिवा नाही असं घर मामीने जन्मात बघितलं नव्हतं. तिने आपला दिवा शोधला होता. रोज लावत होती, आणि आमच्यापैकी कोणाचं तरी लक्ष जाईपर्यंत तो जळत होता.

मी बटणाकडे हात नेला. मागून आलेल्या मामाने तो धरला.

"ऱ्हवांदे."

"अरे मामा, पण रेघ..."

"सगळां विसारली," तो म्हणाला. "ह्यां विसराक नाय."

त्यानंतर रोज तिन्हीसांजेला तोच तिला हाक मारायचा, "गो, दिवो लाय." ज्योतीकडे बघत दोघं शेजारी बसायची. तिची नजर दुसरीकडे वळली की तो हळूच बर्नर बंद करायचा. सकाळी टाकी पुसून आणखी खाली रेघ ओढायचा.

गॅस संपला तो डोंगरात, फेजच्या पुढे. थंडी मी म्हणत होती. पेज अर्धवट शिजलेली, आणि ज्योत लहान होत होत विझली. मामाने टोप गोधडीत गुंडाळून बघितला, पण तांदूळ वाळूसारखा करकरीत राहिला. मामीने एक घास घेतला आणि थाळी ढकलली. "घराक जावया," ती म्हणाली. मग रडायला लागली, मग दाराची कडी ओढायला लागली. "माका घराक जावचां आसा. माका हयसर कोणी हाडलां?" मामा हातात चमचा घेऊन उभा. समजूत घालायला त्याच्याकडे पेजेशिवाय दुसरं काही नव्हतं.

पुढच्या गावात एका दुकानासमोर निळ्या टाक्यांची उतरंड दिसली तेव्हा मामाने माझा खांदाच दाबला. स्पेनचा रेग्युलेटर त्याने त्या टाकीवर बसवून बघितला. बसेना. मग त्याने बॅगेतून बनियनमध्ये गुंडाळलेली वस्तू काढली. मिठबावच्या घरचा रेग्युलेटर! परदेशात उपयोगी पडेल म्हणून माझ्या नकळत आणलेला. तोही बसेना. एका हातात स्पेन, दुसऱ्या हातात मिठबाव, पुढ्यात मोरोक्कोची टाकी, आणि तिघांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं. दुकानदाराला अरबी आणि फ्रेंच येई, मला स्पॅनिश, आणि मामाला बंदरातलं एकच वाक्य, "नो प्रॉब्लेम". ते तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते.

गाडीतून मामीचं रडणं ऐकू येत होतं. दुकानदाराने ते ऐकलं, आत गेला आणि एक बुटकी गुबगुबीत टाकी घेऊन आला. तिच्या डोक्यावर बर्नर सरळ पिळून बसवलेला. नळी नाही, रेग्युलेटर नाही. वाऱ्याला आड म्हणून त्याने दोन खोकी उभी केली. मामा त्याच्या दुकानाच्या पायरीशी बसला आणि नवा तांदूळ धुऊन त्याने परत पहिल्यापासून पेज केली.

गाडीच्या पायरीवर बसवून त्याने मामीला भरवलं, एकेक चमचा फुंकून. तिने थाळी संपवली. पदराने तोंड पुसलं आणि त्याच्याकडे नीट बघून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाली, "तुमी बरे माणूस आसात हां. खंयचे तुमी?"

मामाने रिकामी थाळी तिच्या हातून घेतली. "मिठबावचो," तो म्हणाला.

"व्हय?" तिला केवढा आनंद झाला! "आमचे हे पण मिठबावचेच. बोटीर आसत. इले काय माका घराक व्हरतले."

"म्हायत आसा," मामा म्हणाला. "मी वळाखतंय तेंका."

मग तो टोप घासायला बसला. आधीच लख्ख झालेला टोप घासतच राहिला. मी जवळ गेले तर वर न बघता म्हणाला, "रोज बघी होतंय गो. रेघ काय दिसाक नाय."

परत फिरूया, मी म्हटलं. आता कोणाला काय दाखवायचं? पण त्याला कासाब्लांकाला जायचंच होतं. धक्क्यात आम्हाला कोण सोडणार? बंदराच्या भिंतीबाहेर गाडी लावली. भिंतीवरून क्रेनची डोकी दिसत होती. मामी खाली उतरली, क्रेनकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. माझ्याकडून फणी मागून घेतली, केस सारखे केले, निऱ्या झटकल्या.

"बोट लागली," ती मला म्हणाली. "आता येतले."

फाटकातून पाळी संपलेले कामगार बाहेर यायला लागले. मामी एकेकाचा चेहरा बघत होती. मामा तिच्या शेजारी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. धक्क्यामागचा तो देश आता अगदी त्याच्या पाठीशी पसरला होता, ट्राम, माणसं, संत्र्यांच्या गाड्या. त्याने एकदाही मान वळवली नाही. ती ज्या फाटकाकडे बघत होती, तिकडेच तोही बघत राहिला, जणू त्यालाही कोणी यायचं होतं. शेवटी गर्दी ओसरली. मामी दमली.

"आज काय येणत नाय."

"फाल्या येतले," मामा म्हणाला आणि तिला हाताला धरून गाडीत चढवलं. परक्याचा हात तिने निमूट धरला.

घरी परतल्यावर मामाने टाकी पुसणं सोडलं नाही. मामीला तो कधी शेजारी वाटे, कधी नुसता पेज करणारा माणूस. वाडीतल्या कोणी हळहळ केली तर तो म्हणायचा, "जेवता मां माझ्या हातचां? मगे झाला." आम्ही सगळे मामीकडे लक्ष ठेवून होतो. आज किती आठवलं, आज किती गेलं. मामाकडे बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. एका सकाळी शेजारीण दूध घेऊन गेली तर तो ओट्याला टेकून बसल्या जागीच गेलेला, फडकं खांद्यावर, बोटाला चुना. टाकी पुसून झाली होती. रेघ ओढायची राहिली होती. मामी पाटावर बसून चहाची वाट बघत होती.

मी रजा काढून आले आहे. रजा संपल्यावर काय, ते मला माहीत नाही. सकाळी टाकी मीच पुसते, चुन्याची रेघ ओढते. तिन्हीसांजेला मामी गॅस पेटवून हात जोडते आणि तिची नजर वळेपर्यंत मी तो जळू देते. घरात निरांजन आहे, तेल आहे. तिला आता तोच दिवा लागतो.

काल माझ्या हातची पेज तिने दोन चमचे खाऊन बाजूला सारली.

"तो माणूस येणा नाय तो आता?" तिने विचारलं.

"खंयचो माणूस, मामी?"

"तो गो, पेज करणारो. बरो होतो बिचारो." तिने दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे सरकून, घरातली गोष्ट सांगावी तशी हळू आवाजात म्हणाली, "हे बोटीवरसून इले काय तेंका सांगाक व्हयां. त्या माणसान आमचां एवढां केल्यान, आणि आमी तेका रिकाम्या हातान धाडलंव."

"सांगूया," मी म्हटलं.