खळ्यातला फोटो

पनवेलच्या बाजारात अय्यूबचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, पण तिथं जागा अडवून बसलेला असे तो त्याचा कॅमेरा. सागवानी खोकं आणि खाली ग्रामोफोनचं यंत्र. चावी दिली की खोकं स्वतःभोवती फिरे, आणि आतली फिल्म एका उभ्या फटीमागून सरकत जाई. चारी बाजूंचं जग एकाच लांब फोटोत यावं, एवढा एकच ध्यास त्याला होता.

"दुसऱ्यांची घड्याळं बंद, आणि यांचं डोकं तेवढं फिरतंय," त्याची बायको शहाबानो गिऱ्हाइकांना सांगे.

अडत होतं ते भिंग आणि फिल्म यांच्या मेळाशी. माणूस जवळ असला की भिंग पुढे ओढावं लागे. भिंग पुढे आलं की आतली प्रतिमा अधिक वेगानं धावे, आणि फिल्मनंही तेवढंच धावावं लागे. नाहीतर चेहरे ओल्या शाईसारखे फासले जात. वेग वाढवायला अय्यूब फिल्म ओढणाऱ्या रुळावर कागदाचे वेढे देऊन तो जाड करी. पण एका अंतराला जमलेला रूळ दुसऱ्या अंतराला दगा देई.

१९५४च्या माघात सुकापूरच्या जनीनं त्याला बोलावलं. लेकीच्या, मालूच्या, लग्नाला सगळी भावकी जमली होती. थोरला लेक भगवान दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीवर जायचा होता, वर्षानुवर्षांसाठी.

"मागल्या फोटोवाल्यानं निम्मी मानसं कापली," जनी म्हणाली. "मला समदी पायजेत. येक बी कमी नाय."

शेताच्या बांधावर सगळे ओळीनं उभे राहिले. संध्याकाळी घरी फिल्म धुतली तेव्हा मधली माणसं लख्ख होती आणि टोकाची लांबून-पसरून भुतांसारखी. सरळ ओळीत मधले जवळ होते, टोकाचे लांब. रूळ मात्र एकच. आता एकाच फोटोपुरती फिल्म उरली होती, आणि भगवान निघायच्या बेतात होता.

सकाळी तो जनीच्या अंगणापलीकडे कॅमेरा उतरवून खिन्न उभा राहिला. समोर खळं होतं. मळणी उरकली होती, पण मधोमध बैल बांधायचा खांब, तिवडा, तसाच रोवलेला होता आणि त्याभोवती बैलांच्या खुरांनी दाबलेलं गोल रिंगण.

"चाची, हे इतकं गोल कुणी आखलं?"

"आखतंय कोन? बैल दाव्याला बांधला का गोलच फिरतो. तुला येवडं बी ठावं नाय?"

अय्यूबनं तिवड्याला दावं बांधलं, ताणून धरलं आणि रिंगणावरून चालत गेला. कुठंही ते सैल पडलं नाही की कमी पडलं नाही. त्यानं कॅमेरा तिवड्याच्या माथ्यावर बसवला, दाव्याच्या लांबीवर भिंग जुळवलं, रुळावर मोजून वेढे दिले. सगळी भावकी रिंगणावर पावलं टेकून उभी राहिली, तोंडं आत करून. तो स्वतः तिवड्याच्या बुंध्याशी वाकून बसला आणि त्यानं चावी सोडली.

खोकं फिरू लागलं. भिंग समोर आलं की माणूस श्वास रोखी, पुढे गेलं की सोडी. तो श्वासही जणू खळ्याभोवती फिरत होता. कुणी हसलं नाही. लहान पोरं देवळात राहावीत तशी गप्प होती. अय्यूबला वर पाहायचा धीर झाला नाही. पुरा फेरा झाला आणि फिल्म संपली.

भगवान निघून गेला. चौथ्या दिवशी अय्यूब हातभर लांब फोटो घेऊन आला. प्रत्येक चेहरा स्वच्छ होता. मालूच्या नाकातली नथसुद्धा. पण त्याचा आवाज पडलेला होता. आईच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला भगवान फोटोच्या एका टोकाला गेला होता, आणि जनी दुसऱ्या टोकाला. फेरा नेमका त्या दोघांमध्येच सुरू झाला होता.

"माफ कर चाची. तुम्हा दोघांनाच तोडलं मी."

जनीनं फोटो हातात घेतला. बराच वेळ ती एकेक चेहरा पाहत राहिली. मग तिनं तो हळूच वाकवला आणि दोन्ही टोकं जुळवली. कागदाचं कडं झालं, सगळी माणसं आत पाहणारी.

"तोडलं कुठं रं?" ती म्हणाली. "ह्यो बघ, माज्या बाजूलाच हाय."

तिनं ते कडं डोळ्यांशी धरलं, आणि आतून, तिवड्याच्या जागेवरून, ते सावकाश फिरवत आपल्या माणसांकडे पाहू लागली.