लॅकर कोणी बिघडवलं?

गास गावच्या गॉडफ्रेने उभं आयुष्य लोकांच्या घरची कपाटं आणि चर्चची बाकं घडवण्यात घालवलं. पन्नाशीनंतर मात्र तो घरामागच्या शेडमध्ये इलेक्ट्रिक गिटारी बनवू लागला. त्याची पहिली गिटार घेतली डेन्झिलने. लग्नांच्या बँडमध्ये वाजवणारा हा पोरगा गावातलाच. लॅकरचे, म्हणजे चकचकीत रोगणाचे, पातळ थर एकावर एक चढवून गॉडफ्रेने तिला अशी चकाकी आणली होती की तिच्यात तोंड दिसावं.

पावसाळा सरला आणि डेन्झिल गिटार परत घेऊन आला. खालच्या कडेला दोन काळपट, चिकट डाग पडले होते.

"अंकल, हे काय लावलंत?"

"तू थिनरने पुसलीस ना?" गॉडफ्रेने उलट विचारलं.

डेन्झिल गिटार तिथेच ठेवून निघून गेला. त्याच्या तसं निघून जाण्याचाही गॉडफ्रेला संशय आला.

मग त्याला आठवला चंदनसारचा रंगवाला सुमेध. तो मोठ्या डब्यातलं लॅकर बाटलीत ओतून देत असे. भेसळ केली असणार! गॉडफ्रे थेट दुकानात जाऊन म्हणाला, "या वेळी सीलबंद डबा दे. माझ्यासमोर उघड."

सुमेधचा चेहरा उतरला. "काका, इतकी वर्षं माल नेताय. आजच का?"

गॉडफ्रेने पैसे मोजले आणि डबा उचलला.

घरी येऊन त्याने फळ्यांचे तुकडे रंगवले. एकावर जुनं लॅकर, दुसऱ्यावर सीलबंद डब्यातलं, तिसऱ्यावर गाड्यांना मारतात तसलं, हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं पीयू रोगण. वाळल्यावर घामट फडकं घासलं, किल्लीने ओरखडे काढले, अत्तर शिंपडलं. पीयूवर ओरखडा जेमतेम उमटला, पण तसला डाग एकावरही पडेना. भेसळ पकडली जात नाही म्हणून त्याची चिडचिड वाढली.

बायको उर्सुला गिटार न्याहाळत होती. "डाग दोन्ही बाजूंना सारखेच कसे रे? ही टेकवून ठेवत असतील कशावर तरी."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून गॉडफ्रे डेन्झिलकडे गेला. कोपऱ्यात गिटारचा रिकामा स्टँड उभा होता. त्याच्या दोन्ही दांड्यांना काळं रबर होतं.

"काय शोधताय, अंकल?" डेन्झिलने तिरक्या नजरेने विचारलं.

"हे रबर काढून नेऊ?"

"न्या. पण मी काही केलेलं नाही."

गॉडफ्रेने रबराचे तुकडे कापून तिन्ही फळ्यांवर ठेवले, वर वजन दिलं आणि शेडच्या पत्र्याखाली उकाड्यात सोडून दिले. काही आठवड्यांनी उचलून पाहतो तर जुनं लॅकर रबराला चिकटलेलं, सीलबंद डब्यातलंही तस्संच. पीयू तेवढं लख्ख. माल चोख होता आणि पोरगाही खरं बोलत होता; लॅकर बिघडवलं होतं स्टँडच्या रबराने.

लॅकरचा मऊ स्पर्श त्याला आवडायचा, खरवडलं तर दुरुस्तही सहज व्हायचं. तरी त्याने पीयूच निवडलं. ते आणायला गेला तेव्हा त्याने सुमेधला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी भेसळवाला ठरलो होतो," सुमेध म्हणाला. त्याने डबा आणि हार्डनर काउंटरवर ठेवले, फवारताना तोंडाला चांगला मास्क बांधायला बजावलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एरवी तो चहा मागवायचा. गॉडफ्रे थोडा रेंगाळला, मग निघाला.

गिटार पुन्हा चकचकीत झाली. डेन्झिलने ती उजेडात फिरवून पाहिली.

"माझ्यावर संशय होता ना, अंकल?"

"होता."

"मला वाटलेलं, तुम्हीच हलका माल मारलात," डेन्झिल म्हणाला आणि तारा जुळवायला बसला.