परमिट घेतलं का?

आमच्या अप्पांना एकही सुपरहिरो आवडला नाही.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. सकाळी घरी पूजा झाली, पाहुणे जेवून गेले, आता जरा टेकलोय म्हणून लिहितोय.
लोक अशा दिवशी वडिलांच्या संस्कारांवर वगैरे लिहितात. मला मात्र सकाळपासून त्यांची सिनेमावरची मतंच आठवतायत. काय करणार.

अप्पा म्हणजे माझे वडील. रेणापूर तालुक्यात जन्मभर वायरमन होते. रिटायर झाल्यावर लातूरला माझ्याकडे राहायला आले आणि टीव्हीचा रिमोट माझ्या मुलीच्या, सईच्या ताब्यात असल्यामुळे त्यांची गाठ थेट सुपरहिरोंशी पडली.

सिनेमा त्यांनी कधी पहिल्यापासून बघितला नाही. मध्येच येऊन बसायचे, सुपारी कातरायचे, मध्येच उठून गॅलरीत जायचे.
मत मात्र अख्ख्या सिनेमावर द्यायचे.

नावं तर एकाचीही शिकून घेतली नाहीत. एक झग्यावाला, एक तोंड झाकलेला, बाकी सगळे "हे दुसरं".

पहिला आक्षेप जेवणाचा.
"हे जेवतंय कवा? सकाळधरनं उडायलंय. घोटभर पाणी न्हाई पिलं."

दुसरा झग्याचा.
"येवढं कापड पाठीमागं सोडून खांबावर गेलं तर अडकून मरंल की."
"अज्जा, तो चढत नाही. उडतो."
"मग उतरताना अडकंल."

सई कपाळावर हात मारून घ्यायची.

शेवटी मारामारी सुरू झाली की आम्ही सगळे हिरोकडे बघायचो. अप्पा विजेच्या खांबांकडे बघायचे.
"गेला. त्यो बी गेला. आता अख्ख्या गावची लाईट गेली. हे जाईल उडून, आन् खाली कुणीतरी गरीब निस्तरत बसंल."

आणि एकदा त्या झग्यावाल्यानं दोन्ही हातांनी चालू तार धरली. अप्पा खुर्चीत सावरून बसले.
"परमिट घेतलं का ह्यानं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाईनवर काम करायच्या आधी सबस्टेशनमधून सप्लाय बंद करून घ्यावा लागतो, त्याला परमिट म्हणतात. अप्पा ऑपरेटरला फोन लावायचे. तो म्हणायचा, "लाईन बंद हाय अप्पा, चढा."
अप्पा म्हणायचे, "परत सांगा."
दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय त्यांनी खांबाला कधी हात लावला नाही.

सई म्हणाली, "अज्जा, त्याला शॉक लागतच नाही. तीच तर त्याची पॉवर आहे."

अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.
"मग त्यात कसली बहादुरी? ज्याला शॉकच लागत न्हाई, त्यानं तार धरली काय आन् सुतळी धरली काय."

मी हसलो. आणि हसता हसता मला ती हळद आठवली.

मी नववीत होतो. गावात एका लग्नाच्या हळदीला ऐन संध्याकाळी लाईट गेली. लोक अप्पांना घेऊन खांबाखाली आले.
"दोन मिंटाचं काम हाय, चढा की."
गावात अंधार म्हणजे तारेत करंट नाही, असंच सगळे धरून चालले होते. मीसुद्धा. तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

अप्पा म्हणाले, "परमिटाबिगर मी चढणार न्हाई."
तेव्हा मोबाईल नव्हते. त्यांनी सायकल काढली आणि सबस्टेशनची वाट धरली.

मागून नवरीचा मामा मोठ्यानं म्हणाला, "वायरमन भेलाय."

सगळे हसले. मीही हसलो.

अप्पांनी वळून पाहिलं नाही. म्हणून माझं हसणं त्यांना कळलंच नसेल, अशी समजूत घालून मी पुढची पंचवीसेक वर्षं काढली.

तर त्या दिवशी टीव्हीसमोर सईनं सहज विचारलं, "अज्जा, तुम्हाला भीती वाटायची?"

"वाटायची की. रोज वाटायची. भीती वाटायची म्हणून तर रोज घरी आलो."

मग टीव्हीकडेच बघत म्हणाले, "तुझा बाप हसला होता एकदा मला. बारका होता. त्याला बी असाच उडणारा बाप पाहिजे होता."

आवाजात राग अजिबात नव्हता. सिनेमाविषयी बोलावं तसंच बोलले.

मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. तोंडापर्यंत आलं होतं.
मी म्हणालो, "अप्पा, चहा ठेवू का?"
म्हणाले, "ठेव. साखर कमी."

त्यानंतर तीनच महिन्यांत अप्पा गेले. थोडंसं दुखणं झालं, फार त्रास झाला नाही.

गेल्या महिन्यात सईला घेऊन थिएटरला गेलो होतो. असाच एक नवा उडणारा. शेवटी त्यानं तार धरली, सगळं थिएटर चिडीचूप, आणि सई अगदी अज्जाच्या सुरात बोलून गेली, "परमिट घेतलं का ह्यानं?"

आजूबाजूच्या दोन-तीन रांगा खदखदून हसल्या. सई ओशाळली, माझ्याकडे बघायला लागली.

मी हसलो नाही.
म्हणालो, "न्हाई घेतलं बाळा. तुझ्या अज्जानं घेतलं असतं."

अप्पा, त्या हळदीला मी हसलो, ते चुकलंच माझं. तुम्ही होतात तेव्हा जीभ रेटली नाही, म्हणून आज चार लोकांसमोर सांगतोय. उडणारा बाप नकोच होता मला. रोज संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून घरात येणारा होता, तोच हवा होता.

निवांत जा आता.
लाईन बंद हाय अप्पा, चढा.

परत सांगतो.
लाईन बंद हाय.