फ्रिजवरचा कागद आणि ऱ्हाईनकाठचा रविवार

ओमानमध्ये रेल्वे नाही. बत्तीस वर्षं मस्कतमध्ये काढली, पण कुठे जायचं तर गाडी, बस, नाहीतर विमान. त्यामुळे २०१६ साली मी जेव्हा जाहीर केलं की आपण युरोपात जायचं आणि तेही ट्रेनने, तेव्हा सायमनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "गुडघे कोणाचे वापरणार?"

जायचं कारण मात्र पक्कं होतं. रेहाना. मस्कतच्या हमरिया भागात आमच्या शेजारच्या दारात ती एकोणीस वर्षं राहिली. मूळची रत्नागिरीकडची, आम्ही वसईचे. ती कपडे शिवायची. अर्ध्या हमरियाच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. आमच्या प्रवासाच्या दोन वर्षं आधी तिचे यजमान इब्राहिमभाई गेले. त्यांच्या मागे तिचा व्हिसाही संपला. मुलीने, सबिहाने, कागदपत्रांची बरीच खटपट करून आईला आपल्याकडे हॉलंडला, उत्रेख्तला नेलं. सबिहा तिथे नर्स आहे. उन्हाळ्यात तिचा फोन आला. "आंटी, अम्मी ना, बाहेर जातच नाही. ॲट ऑल. शी जस्ट सिट्स. तुम्ही येता का? तुमचं ऐकेल ती."

म्हणून आम्ही निघालो. मनात एकच होतं, रेहानाला त्या दाराबाहेर काढायचं.

आता तयारीबद्दल, कारण साठीच्या आसपासचे बरेच वाचक तेच विचारतात. मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेच्या ऑफिसात मी एकवीस वर्षं फायली सांभाळल्या आहेत. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला कागदाच्या तीन प्रती काढल्याशिवाय झोप लागत नाही. सायमन अजून रुवीतल्या एका दुकानाचा स्टोअर बघतो. त्याच्या अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, व्हिसासाठी ना-हरकत पत्र हवं होतं. अर्बाब पत्र देताना म्हणाला, "सायमन, यल्ला, जा. पण परत ये, इन्शाल्ला." मग मी बसून सगळ्या प्रवासाचा एक कागद तयार केला. मोठ्या अक्षरात, मराठीत आणि खाली इंग्रजीत. गाडी कुठून, किती वाजता, कोणत्या फलाटावर, कुठे बदलायची, लिफ्ट कोणत्या टोकाला. तीन प्रती. एक माझ्याकडे, एक सायमनच्या खिशात, आणि एक ज्याच्या घरी उतरू त्याच्याकडे ठेवायची.

माझे नियम सांगते. माणशी एकच बॅग, स्वतःला उचलता येईल एवढीच. गाडी बदलायला अर्धा तास तरी हवा. दहा मिनिटांची बदली तरुणांना करू द्या. तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तर फार स्वस्त पडतात आणि जागा राखून ठेवायचे थोडे पैसे वाचवू नयेत. दारात उभं राहायचं वय गेलं.

आणि शेवटचा नियम, शक्यतो रविवारी प्रवास करायचा. आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, सगळं उघडं, सगळं चालू. हा नियम मी स्वतः शोधून काढला होता आणि मला त्याचा अभिमान होता.

पॅरिसला आम्ही तीन दिवस सायमनच्या जुन्या सहकाऱ्याच्या घरी होतो. घर पाचव्या मजल्यावर आणि लिफ्टमध्ये माणूस मावेल नाहीतर बॅग. सायमनने पाव खाल्ला, चीज खाल्लं, पुन्हा पाव खाल्ला आणि साखर मोजल्यावर गप्प बसला. त्याला दिवसातून चार वेळा इन्सुलिन लागतं. त्या इन्सुलिनची पेनं आम्ही बाळासारखी सांभाळतो, कारण मस्कतच्या उन्हाळ्यात गाडीत विसरलेलं औषध तासाभरात फेकून द्यावं लागतं. सहमच्या किनाऱ्यावर मासे आणायला गेलो तरी माशांच्या आधी इन्सुलिनची पेटी. कोणाच्याही घरी गेलं की सायमन चपला काढायच्या आधी विचारतो, "फ्रिज कुठे आहे?" पॅरिसच्या त्या गार स्वयंपाकघरात यजमान म्हणाले, "अरे, बाहेर चौदा डिग्री आहे, खिशात राहू दे." सायमनने ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही.

पॅरिसहून रॉटरडॅम आणि तिथून उत्रेख्त. पहिली गाडी इतकी सरळ आणि शांत धावते की सायमन म्हणाला, "हलतेय का नक्की?" बाहेर हिरवं, सपाट आणि गाई. आम्ही डोंगर आणि खडक बघून म्हातारे झालेली माणसं. नुसतं हिरवं बघूनही माझं पोट भरत होतं.

रेहानाने दार उघडलं आणि मला धक्काच बसला. बारीक झाली होती. मिठी मारली, रडली, लगेच म्हणाली, "बस गो, भाकऱ्या गरम आहेत." तांदळाच्या भाकऱ्या, बांगड्याचं कालवण, सोबत सांदणं. सायमनचं इन्सुलिन फ्रिजमध्ये गेलं, माझा कागद त्याच फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली गेला आणि हमरियाच्या गप्पा सुरू झाल्या. बोलताना ती अगदी पहिल्यासारखी होती. पण बाहेर जायचं नाव काढलं की विझायची.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, कालव्याकाठी फिरू. "तुम्ही जाऊन या, मी कपडे वाळत घालते." दुसऱ्या दिवशी म्हटलं, नुसतं कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. "गुडघा दुखतोय." शनिवारी चौकात मोठा बाजार भरतो, कापडाची दुकानं लागतात. मला वाटलं कापड म्हटल्यावर ही उठेलच. तिने चप्पल घातली, दारापर्यंत आली आणि परत फिरली.

"रेहाना, झालं तरी काय तुला?" मी चिडून विचारलं. मी चिडते, काय करू.

ती खाटेच्या कडेवर बसली. "हमरियात मी हरवलेच नसते, लुसी. कुठेही उभी राहिले असते तर कोणीतरी म्हणालं असतं, ही रेहाना टेलर, हिला घरी सोडा. इथे हरवले तर कोणाला काय सांगू? माझं नाव सांगून काय उपयोग?"

चार दिवस झाले, जायची वेळ आली आणि मी हरले होते. रविवारी सकाळी सबिहा ड्युटीवर गेली. आम्ही निघालो तेव्हा रेहाना खिडकीतून हात हलवत होती. खिडकीच्या आतून. ट्रेनमध्ये बसल्यावर मला रडू आलं. सायमनने रुमाल दिला आणि म्हणाला, "आपण आलो तेवढं तरी झालं."

साडेआठची गाडी उत्रेख्तहून थेट जर्मनीतल्या कलोनला जाते, सव्वादोन तास. तिथे अर्ध्या तासाची बदली, माझ्या नियमाप्रमाणे. मग ऱ्हाईनच्या काठाकाठाने जाणारी छोटी गाडी. ही जागा मात्र चुकवू नका. नदीच्या बाजूला बसा. डोंगरावर द्राक्षाचे मळे, पाण्यात लांबलचक होड्या, दर वळणावर एखादा पडका किल्ला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून तिथल्या एका लहानशा गावात आम्ही तीन दिवसांसाठी खोली घेतली होती.

पावणेएकला उतरलो. गाव सुंदर आणि रिकामं. दुकानांना कुलपं. मी म्हटलं, जेवणाची सुट्टी असेल. खोलीवर पोचलो, सायमनने जेवणाआधीच्या इंजेक्शनसाठी बॅग उघडली, सगळं बाहेर काढलं, परत आत घातलं, परत काढलं.

"लुसी, इन्सुलिन?"

रेहानाच्या फ्रिजमध्ये. सगळी पेनं. सकाळी टोचून झाल्यावर सवयीने परत आत ठेवलेलं, मधल्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी.

मी म्हटलं, काही नाही, औषधाच्या दुकानात जाऊ. गेलो. कुलूप. दारावर जर्मनमध्ये चिठ्ठी. तेवढ्यात चर्चची घंटा वाजायला लागली. सायमन माझ्याकडे बघत म्हणाला, "लुसी, आज रविवार आहे."

"माहीत आहे. मी मुद्दाम—" आणि मी थांबले.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. रविवार म्हणजे काय हे आमच्याहून चांगलं कोणाला ठाऊक असावं? पण मस्कतमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थनाही शुक्रवारची, आणि रविवारी सकाळी डबा घेऊन कामावर. बत्तीस वर्षांत तो रविवार माझ्या अंगातून निघूनच गेला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसा माझा तो नियम.

घरमालकीण बाई भल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचून सांगितलं, आज पाळी शेजारच्या गावातल्या दुकानाची आहे. तिकडे फोन केला तर मस्कतच्या डॉक्टरची चिठ्ठी चालेना. मग म्हणाल्या, हॉस्पिटलला नेते. सायमनने साखर मोजली, दोनशेच्या वर. तो उकडलेली अंडी घेऊन बसला. हॉस्पिटलच्या नावानेच त्याचा चेहरा उतरला होता. सबिहा ड्युटीवर फोन उचलेना, म्हणून मी रेहानाला फोन लावला, निदान पेनं तिथेच आहेत ना ते तरी कळेल.

"थांब," ती म्हणाली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. "आहे. सगळं आहे." मग फ्रिजचं दार बंद झालं. "लुसी, तुझा कागद इथे दारावरच आहे. साडेआठला जशी गाडी आहे तशी अडीचलाही असेल का?"

मी बघितलं. दर दोन तासांनी होती.

"मी येते."

"रेहाना, नको. गाडी बदलायची आहे. मी—"

"अक्षरं मोठी आहेत, वाचता येतात मला. सायमनभाईंना सांग, अंडी खा, पाव नको."

"बताका घे!" एवढंच मी ओरडले. बताका म्हणजे आमच्याकडचं रेसिडेंट कार्ड. ते न घेता बाहेर पडायचं नसतं, हेच डोक्यात पक्कं बसलेलं. फोन ठेवला आणि त्यानंतर तिचा फोन लागेना. सीमेपलीकडे तिचं सिम चालत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

ते चार तास मी आयुष्यात विसरणार नाही. सायमनची काळजी होतीच, पण मालकीण बाई म्हणाल्या होत्या की सातपर्यंत कोणी आलं नाही तर त्या गाडी काढतील. माझ्या डोळ्यांसमोर कलोनचं स्टेशन होतं, ती गर्दी, ते जिने, आणि मधोमध उभी असलेली रेहाना, जिचं नाव तिथे कोणाला माहीत नाही. साडेसहाला सबिहाचा फोन.

"आंटी! अम्मी घरी नाहीये! आय कॅन्ट फाइंड हर!"

"ती ट्रेनमध्ये आहे, बाळा. जर्मनीत."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

मग ती हसत होती की रडत होती, कळेना.

पावणेसातची गाडी वेळेवर आली. दारं उघडली. सायकलवाले उतरले, एक म्हातारा कुत्रा घेऊन उतरला. मग अबोली रंगाचा स्कार्फ, करडा कोट, आणि छातीशी आईसक्रीमचा मोठा डबा. मी धावले. माझ्या वयाला धावतात तशी.

"गोठवलं नाहीस ना?" सायमनचं पहिलं वाक्य. कृतघ्न माणूस.

रेहानाने डबा उघडून दाखवला. मधे पेनं, भोवती टॉवेल, टॉवेलाबाहेर मटारची गोठलेली पाकिटं. "आधी टॉवेल, मग मटार. मी पण मस्कतमध्येच राहिलेय, सायमनभाई. मला शिकवू नका." बाहेर हवा एवढी गार होती की आम्ही तिघंही कोटात होतो. डबा घट्ट धरून बोटं लाल झाली होती तिची.

"तिकीट कसं काढलंस?"

"खिडकीवर कागद दाखवला, ओळीवर बोट ठेवलं. कलोनला फलाट बदलला होता. एका पोरीला कागद दाखवला, तिने नेऊन बसवलं." मग डबा सायमनच्या हातात देत म्हणाली, "नाव सांगायची गरजच पडली नाही, लुसी."

ती आमच्याच खोलीत राहिली. सकाळी आम्ही तिघं नदीकाठी फिरलो, ती सगळ्यांच्या पुढे. दुपारच्या गाडीने एकटीच परत गेली. या वेळी खिडकीच्या आत ती होती आणि हात आम्ही हलवत होतो.

दोन दिवसांनी आम्ही फ्रँकफर्टहून मस्कतला परतलो. विमानाचं दार उघडलं, ओळखीची गरम हवा तोंडावर आली आणि सायमनने टॅक्सीतच पेटीवर हात ठेवला. ट्रेनने फिरा असं मी आता सगळ्यांना सांगते. नियम तेच, फक्त शेवटचा खोडून टाका. आणि औषध तिकडे कोटाच्या खिशात ठेवा. मी मात्र अजून त्या चार तासांची आठवण आली की उठून सायमनच्या पेटीत बघून येते. मग हायसं वाटतं आणि झोप लागते.

गेल्या शुक्रवारी मिस्साहून आलो तर फोनवर रेहानाचा एक फोटो आला होता. वहीचं पान, मोठ्या अक्षरात. उत्रेख्तहून विमानतळ, गाडी किती वाजता, फलाट कोणता. मग मस्कत. मग टॅक्सी, हमरिया, जुनी बिल्डिंग, पहिला मजला, लुसीचं दार. सगळ्यात खाली लिहिलं होतं, तीन कॉप्या काढ, एक फ्रिजवर लाव.